दमट हवेतला कॅलेंडुला

खिडकीत ठेवलेली ती काचेची बरणी लांबून फार देखणी दिसत होती. आत सोनेरी तेल, तेलात बुडालेली कॅलेंडुलाची नारिंगी फुलं, झाकणावर तारीख लिहिलेली चिठ्ठी. दादरमधलं जुनं घर, जानेवारीतलं कोवळं ऊन. झाकण उघडलं तेव्हा मात्र त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे बारीक थेंब होते, आणि तेलातून वर डोकावणाऱ्या एका फुलाच्या हिरव्या बुडाशी करडी लव उगवलेली होती. ज्या बाईंनी हे तेल केलं होतं त्यांनी कुठेही हयगय केलेली नव्हती. फुलं घरच्या कुंडीतली, कसलीही फवारणी नसलेली. तेल घाण्यावरचं, बरणी उकळून पुसलेली. कृतीत फुलं आठवडाभर सावलीत सुकवायला सांगितलं होतं, त्यांनी त्याहून जास्त सुकवली. तरीही ते सगळं तेल टाकून द्यावं लागलं. इतक्या काळजीने केलेली गोष्ट अशी मोरीत ओतली जाताना बघवत नाही, आणि तेव्हापासून ती बरणी डोक्यातून जात नाही.

कृती खोटी नव्हती. ती अशा प्रदेशातली होती जिथे सावलीत ठेवलेलं फूल आठवडाभरात कुरकुरीत होतं. कॅलेंडुला, म्हणजे ज्याच्या फुलांचं तेल आणि मलम त्वचेला लावतात ते झाड, मूळचा भूमध्य समुद्राच्या काठचा. तिथला हिवाळा थंड आणि ओला, उन्हाळा कोरडा ठणठणीत. आपल्याकडे पाऊस भर उकाड्यात येतो, तो गेल्यावर ऑक्टोबरचा चटका, आणि मग थंडी म्हणून जी काही येते ती दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. या झाडाला हवी असलेली हवा मुंबईत मोजून एवढीच मिळते. शिवाय समुद्र तिन्ही बाजूंनी बाष्प पुरवत असतो.

म्हणून इथे कॅलेंडुला करायचा तर बी पेरण्यापासून मलमाची डबी बंद करेपर्यंत सगळं लक्ष पाण्यावर ठेवावं लागतं.

सुरुवात पाकिटापासून. कॅलेंडुलाला इंग्रजीत ‘पॉट मेरीगोल्ड’ म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. बियांच्या दुकानात ‘मेरीगोल्ड’ मागितलं की झेंडूचं बी हातात येतं, आणि ते रास्तच आहे. पण झेंडू मेक्सिकोकडचा, कूळ एकच असलं तरी प्रजाती वेगळी. त्याचं तेल करून कॅलेंडुलाचं काम होत नाही. बी बघितलं की फरक लगेच कळतो. झेंडूचं बी सुईसारखं सरळ, काळं, टोकाला पांढुरका तुरा. कॅलेंडुलाचं बी वाकडं, खडबडीत, फिकट तपकिरी, जणू वाळून आकसलेली अळी. रोप विकत घेणार असाल तर पान बघा. झेंडूचं पान कातरलेलं असतं आणि चुरडलं की उग्र वास येतो, तर कॅलेंडुलाचं पान सलग, जिभेसारखं लांबट, किंचित लवदार आणि बोटाला चिकटणारं. जातींमध्ये ‘पॅसिफिक ब्यूटी’ उंच वाढते, ‘बॉन बॉन’ बुटकी राहते. खिडकीच्या ग्रिलमध्ये बुटकी जात सोयीची, कारण वाऱ्याने ती मोडत नाही. फक्त तेलासाठीच करायचं असेल आणि ‘रेझिना’ नावाची जात मिळाली तर ती घ्यावी. तिची फुलं साधी, पाकळ्या कमी, पण चीक भरपूर. प्रदर्शनात बक्षीस मिळवणारं गच्च पाकळ्यांचं फूल आणि औषधी गुणाचं फूल एकच असेल असं नाही, आणि घरच्या वापरासाठी मी नेहमी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन.

पेरणीची घाई इथे अंगाशी येते. गणपती झाले की हात शिवशिवतात, पण सप्टेंबरात पेरलेलं बी बहुतेक कुजतं. माती ३० अंशांच्या वर तापलेली असली की हे बी उगवायला कुरकुर करतं. त्याला २० च्या आसपास बरं वाटतं. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पाऊस नक्की गेला हे कळल्यावर, पहिला ट्रे पेरावा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं चाळलेलं गांडूळखत, प्रत्येक खणात दोन बिया, वर जवळजवळ एक सेंटिमीटर जाडीचा थर. हा थर महत्त्वाचा आहे, कारण या बियांना उगवायला अंधार लागतो. वरवर भुरभुरलेल्या बिया दिवसेंदिवस तशाच पडून राहतात आणि लोक दुकानदाराला बोल लावतात. ट्रे गच्चीत नको, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, फरशीवर ठेवावा. माठाच्या शेजारची जागा चांगली. आठवड्याभरात कोंब दिसतात, काही मागाहून येतात. कोंब दिसताच ट्रे उजेडात हलवायचा, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडतात. दुसरा ट्रे नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि जागा असेल तर तिसरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. एकाच वेळी सगळं पेरलं की सगळी झाडं एकदमच थकतात.

ट्रेमधली रोपं मातीलगत काळी पडून कोलमडली तर तो पाण्याचा दोष. मातीत राहणाऱ्या बुरशा कोवळ्या खोडाला गाठतात आणि रोज सकाळी सवयीने शिंपडलेलं पाणी त्यांना पोसतं. ट्रे खालून भिजवावा: परातीत बोटभर पाणी घेऊन ट्रे त्यात अर्धा तास ठेवायचा आणि उचलायचा. वरची कोकोपीट फिकट दिसायला लागेपर्यंत पुन्हा पाणी नाही.

चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन सोडून) आली की कुंडीत लावायचं. आठ ते दहा इंची कुंडीत एक झाड. लांब आयताकृती कुंडी असेल तर दोन झाडांमध्ये वीतभर अंतर. नुसती लाल माती मुंबईत दगडासारखी बसते, म्हणून चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. खताचा मोह इथेच आवरावा. जास्त नत्र मिळालं की झाड पालेभाजीसारखं माजतं, पानं मऊ लुसलुशीत होतात, मावा जमतो आणि फूल लांबणीवर पडतं. सहा-सात पानांवर शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात, पण बहर आठवडाभर तरी पुढे जातो. म्हणून पहिल्या पेरणीतल्या रोपांचा शेंडा खुडावा, शेवटच्या पेरणीला हात लावू नये. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं. त्या रोपांकडे घालवायला आठवडा नसतो.

आता उन्हाबद्दल, कारण फ्लॅटमध्ये राहणारे बहुतेक जण ‘आमच्याकडे ऊन येत नाही’ म्हणून हा विचारच सोडून देतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो, आणि तो दक्षिणेकडे कललेला असतो. मे महिन्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन पोहोचत नाही तिथेच डिसेंबर-जानेवारीत ते आतल्या पलंगापर्यंत येतं. कॅलेंडुलाचा हंगाम नेमका तेवढाच. त्यामुळे वर्षभर रिकामी राहणारी दक्षिणेची ग्रिल या झाडाला उत्तम. पूर्वेची खिडकी त्याहून बरी, सकाळचं चार-पाच तासांचं ऊन पुरतं. पश्चिमेकडे दुपारच्या झळा लागतात, फुलं लहान राहतात आणि लवकर बी धरतात. उत्तरेच्या खिडकीत मात्र हा प्रयत्न करू नये. तिथे झाड जगतं, फुलत नाही.

कबुतरांचा विषय टाळता येत नाही. नुकतं लावलेलं रोप उपटून टाकणं आणि मऊ माती उकरून त्यात बसणं हे त्यांचं रोजचं. जाळी लावायची नसेल तर कुंडीत रोपाभोवती झाडूच्या हिराच्या काड्या उभ्या खोचाव्यात, चार बोटं अंतरावर. रोप वीतभर झालं की काड्या काढता येतात. मग येतो मावा, बहुधा कळ्यांच्या देठावर. तो दिसल्या दिसल्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा, सकाळी, म्हणजे पानं दुपारपर्यंत कोरडी होतील. कडुनिंबाचं तेल वापरायचंच तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलि आणि एक-दोन मिलि सौम्य द्रवसाबण, आणि तेही कळ्या येण्याआधी. फुलं सुरू झाल्यावर नको, कारण तो कडू वास तेलात उतरतो. पानांवर पीठ सांडल्यासारखी पांढरी भुरी दिसली की खालची दाट पानं काढून हवा खेळती करावी. रात्री पाणी घालणाऱ्यांच्या झाडांवर भुरी येऊ शकते. पानांवर नागमोडी पांढरी रेघ दिसली तर ती नागअळी. तेवढं पान खुडलं की पुरे, घाबरायचं कारण नाही.

नाताळच्या सुमाराला पहिलं फूल उमलतं. कॅलेंडुलाचं फूल सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. त्यामुळे तोडण्याची वेळ नेमकी असते: दव उडालेलं हवं, फूल पूर्ण पसरलेलं हवं. जानेवारीत नऊ ते साडेदहाच्या दरम्यान. देठासह नाही, फुलाखालच्या हिरव्या वाटीला धरून तोडायचं. बोटं चिकट झाली की समजावं फूल बरोबर वेळी आलं. हा चीकच सगळ्यात मोलाचा. तो पाकळ्यांपेक्षा त्या हिरव्या वाटीत जास्त असतो आणि पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. बोटं साबणाने घासून काही होत नाही. चार थेंब तेल चोळलं की निघतो. नुसत्या पाकळ्या खुडून तेल करणारे या फुलाचा मोठा भाग फेकून देतात. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहावं. झाडावर फुलं तशीच ठेवावीशी वाटतात, पण फूल झाडावर सुकलं की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नव्या कळ्या कमी होतात. आपल्याकडे फूल तोडायचं ते देवासाठी नाहीतर गजऱ्यासाठी. बहरातलं फूल सुकवायला तोडताना म्हणून मन थोडं कचरतं. फुलोरी मधमाश्या त्यावर बसलेल्या असतील तर शेजारचं तोडावं, काही फुलं त्यांच्या वाट्याला राहू द्यावीत.

शहरातली एक अडचण इथे येते. हिवाळ्यात शेजारी बांधकाम चालू असलं की ग्रिलमधल्या पानांवर बोट फिरवून नाव लिहिता येतं. तोडलेली फुलं धुतली तर ओलावा आत शिरतो, न धुतली तर धूळ त्वचेला लागणार. उपाय एकच: तोडण्याच्या आदल्या सकाळी झाडावर स्वच्छ पाणी फवारून धूळ उतरवायची आणि चोवीस तास झाडालाच सुकू द्यायचं. रस्त्यालगतच्या तळमजल्यावरच्या फुलांचं तेल मी लहान मुलांसाठी सुचवणार नाही.

आणि मग सुकवणं, जिथे ती दादरची बरणी फसली. फुलाचं वजन बहुतांशी पाणीच. शंभर ग्रॅम ताजी फुलं सुकून जेमतेम १५ ते २० ग्रॅम राहतात. पाकळ्या दोन दिवसांत कागदासारख्या होतात आणि फसवतात. खालची हिरवी वाटी जाड असते, तिच्या पोटातलं पाणी हटत नाही. मुंबईत अजून एक गोष्ट घडते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे कोरडे असतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की हवेतला ओलावा वाढतो आणि सकाळी सुकलेलं फूल संध्याकाळपर्यंत पुन्हा मऊ पडतं. दहा दिवस उघड्यावर ठेवलं तरी रोज तेवढंच कमावून तेवढंच गमावलं जातं.

म्हणून फुलं रात्रंदिवस उघडी ठेवू नयेत. बांबूच्या सुपात किंवा मोठ्या चाळणीवर सुती पंचा घालून फुलं पालथी, एकमेकांना न टेकता मांडावीत. सावलीत, पंख्याखाली, सकाळी आठपासून दुपारी एक-दीडपर्यंत. मग झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रात्री एसी लावणारं घर असेल तर ती खोली सुकवणीला फार उपयोगी, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. सूप रात्रभर तिथे राहू द्यावं. फूड ड्रायर असेल तर ४० अंशांवर, बारा तासांपासून पुढे, वाटी सुकेपर्यंत. ओव्हनचा सर्वात कमी आकडा बहुधा जास्तच असतो, त्यात फुलं तपकिरी होतात. थेट उन्हातही नको, रंग उडतो. फूल झालं की नाही हे पाकळीवरून ठरवू नये. हिरवी वाटी दोन्ही अंगठ्यांनी मोडून बघावी. कट्‌कन तुटली तर झाली, वाकली तर नाही. मोडून बघितल्यावरही सगळी फुलं कोरड्या काचेच्या बरणीत घालून तीन-चार दिवस नुसतीच ठेवावीत आणि झाकणाकडे लक्ष ठेवावं. आतून जरा जरी धुकं दिसलं तरी फुलं पुन्हा सुपात. हे तीन-चार दिवस बहुतेक कृतींत नसतातच. आपल्या हवेत ते वगळता येत नाहीत.

तेलासाठी प्रमाण सोपं आहे: २० ग्रॅम सुकी फुलं हाताने चुरडून, २०० मिलि तेल. फुलं तेलाखाली पूर्ण बुडालीच पाहिजेत. वर आलेला तुकडा बुरशीला आमंत्रण देतो. तेल कोणतं, यावर घराघरांत मतभेद. खोबरेल आपल्या हाताशी असतं, पण ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि जानेवारीच्या रात्री बरणीत थिजून बसलं की फुलांतला चीक उतरायचा थांबतो. निम्मं खोबरेल आणि निम्मं कच्च्या घाणीचं तिळाचं तेल घेतलं की ते पातळ राहतं. तिळाचं तेल लवकर खवटही होत नाही, आणि त्याचा वास पायाला लावायच्या मलमात खटकत नाही. ओठांसाठी करायचं असेल तर बदामाचं तेल चांगलं, मात्र थोडंच करावं, ते टिकत नाही. बरणी खाकी कागदात गुंडाळून उन्हाच्या खिडकीत चार ते सहा आठवडे, दोन दिवसांआड हलवून. घाई असेल तर गरम पाण्यावर भांडं ठेवून मंद आचेवर दोन-तीन तास. तेल ६० अंशांच्या वर जाऊ नये, आणि खालच्या पाण्याची वाफ तेलात पडू नये म्हणून वरच्या भांड्यावर कोरडा पंचा. खालचं पाणी उकळायला लागलं की गॅस बंद. शेवटी मलमलीतून गाळून हलकं पिळायचं, रात्रभर स्थिर ठेवून तळाचा गाळ मागे सोडायचा. २०० मिलि तेलात एक मिलि ई-जीवनसत्त्वाचं तेल घातलं तर खवटपणा लांबतो. बुरशी त्याने थांबत नाही, हा गैरसमज मात्र सर्रास आहे.

मलमासाठी १०० मिलि तेलाला २० ग्रॅम मधमाशीचं मेण सांगतात. मुंबईत २५ घ्यावं, नाहीतर एप्रिलमध्ये डबीतच त्याचं तेल होतं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेवढंच तापवावं. विकत घेताना वास घ्यावा: मधाचा वास नसेल आणि रंग एकसारखा पांढरा असेल तर ते बहुधा मेणबत्तीचं. वितळलेलं मिश्रण चमच्यावर घेऊन दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घट्टपणा बघावा आणि मगच डब्यांत ओतावं. डबी थंड होईपर्यंत झाकण लावू नये, पुन्हा तेच, झाकणाखाली पाणी धरतं.

लावायचं कुठे? टाचांच्या भेगा, भांडी घासून कोरडे पडलेले हात, फुटलेले ओठ. इथे ते मनापासून उपयोगी पडतं. याच्यापुढे बोलताना जपून बोलावं. फ्रान्समध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांमध्ये कॅलेंडुलाचं मलम आणि ट्रोलामाइन नावाचं औषधी क्रीम यांची तुलना झाली. त्वचेची मध्यम किंवा तीव्र जळजळ कॅलेंडुलाच्या गटात ४१ टक्के, दुसऱ्या गटात ६३ टक्के. नंतर स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र साध्या क्रीममध्ये आणि कॅलेंडुलाच्या क्रीममध्ये फरक दिसला नाही. दोन्ही चाचण्यांमधली औषधं कारखान्यात प्रमाण ठरवून केलेली होती. घरचं मलम उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागी, मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेवर लावू नये. शेवंतीच्या किंवा गाजरगवताच्या संपर्काने ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं त्यांनी विशेष सांभाळावं, ही सगळी एकाच कुळातली. १९५० च्या दशकात पुण्यात लक्षात आलेलं गाजरगवत आता महाराष्ट्रभर आहे आणि त्याची ॲलर्जी असलेली माणसंही पुष्कळ. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघणं एवढं कुणालाही जमतं.

पाकळ्या खाताही येतात. नर्सरीतून आणलेल्या झाडाची पहिली फुलं मात्र खाऊ नयेत, त्यावर काय मारलेलं असतं ते कळत नाही. बाजारातली फुलं तर नाहीच. गरोदरपणी पोटात घेणं टाळावं. केशराऐवजी ही पाकळी वापरायची रीत युरोपात जुनी, पण केशराचा रंग पाण्यात उतरतो आणि हिचा स्निग्ध पदार्थात. म्हणून कोमट पाण्यात भिजवून निराश होऊ नये. दोन चमचे तुपात चमचाभर पाकळ्या मंद परताव्यात, तूप पिवळंधमक झालं की भातावर ओतावं. चव केशराची येत नाही, किंचित कडसर, हिरवट येते, आणि साध्या मुगाच्या खिचडीवर ती छान लागते.

मार्चच्या सुरुवातीला झाडं पिवळी पडू लागतात. तेव्हा पाणी वाढवून काही साधत नाही. सगळ्यात निरोगी झाडावरची चार-पाच फुलं न तोडता ठेवावीत. पाकळ्या गळतात आणि मधे बियांचं कडं तयार होतं: बाहेरच्या मोठ्या, काटेरी, आकडीसारख्या, त्यांच्या आत होडीच्या आकाराच्या, अगदी मध्यभागी लहान, अंगठीसारख्या वळलेल्या. एकाच फुलात असे तीन आकार. लोक लहान बिया कचरा समजून फेकतात, तसं करू नये, त्याही उगवतात. कडं तपकिरी झालं की कोरड्या सकाळी तोडून, आठवडाभर फुलांसारखंच सकाळपुरतं सुकवून, कागदी पाकिटात घालायचं आणि पाकीट सिलिका जेलच्या पुडीसह काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. पावसाळ्यात कपाटात ठेवलेलं बी ऑक्टोबरपर्यंत बरंचसं मेलेलं असू शकतं. सप्टेंबरच्या शेवटी दहा बिया ओल्या कापडात गुंडाळून गार जागी ठेवून बघाव्यात. आठ-नऊ उगवल्या तर उत्तम, पाच उगवल्या तर दुप्पट पेरायच्या, त्याहून कमी असतील तर नवं पाकीट आणायला अजून दोन-तीन आठवडे हातात असतात.